गल्ल्यावरची प्रयोगशाळा

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि घरोघरी अकरावीच्या अर्जाची चर्चा सुरू होते. कन्येला नव्वद टक्के गुण असले तरी तिच्या अर्जावर ‘वाणिज्य’ हा शब्द जणू आधीच छापून आलेला असतो. वाणिज्य शाखेला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. आपल्या कितीतरी मुली सनदी लेखापाल झाल्या आणि पिढीजात पेढ्यांची घडी त्यांनी नीट बसवली, हे आपण पाहतोच आहोत. खटकते ते इतकेच की, मुलीने विज्ञान नाकारलेले नसते. ते तिच्यापुढे कधी ठेवलेलेच नसते.

कारणे विचारली तर ती ठरलेली असतात. प्रात्यक्षिकांमुळे घरी यायला उशीर होतो, शिकवणीचा खर्च मोठा, शिक्षण लांबले की स्थळे पाहायची कधी? आणखी एक कारण दबक्या आवाजात सांगितले जाते: जीवशास्त्र घेतले तर बेडूक कापावा लागेल. ही शंका अहिंसेच्या संस्कारातून आलेली आहे. तिची थट्टा करू नये. परंतु ती आता जुनी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये पदवी अभ्यासक्रमांतील प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि 2014 मध्ये ते थांबवण्याचाच निर्णय घेतला. शिवाय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेणाऱ्या मुलीचा या प्रश्नाशी संबंधच येत नाही. व्यवहाराची बाजूही पाहावी. बारावी विज्ञान झालेली मुलगी पुढे सनदी लेखापालाच्या वाटेने जाऊ शकते. वाणिज्य घेतलेल्या मुलीला मात्र अभियांत्रिकीचे दार पुन्हा उघडता येत नाही. व्यापारी मनुष्य सौदा करताना परतीची वाट राखून ठेवतो. येथे तो नियम आपण का विसरतो, कळत नाही.

1933 साली कमला भागवत या तरुणीने मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तिचे वडील आणि काका त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या आणि त्यांनी समोरासमोर जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, काम संचालकांना पसंत पडले तरच नाव नियमित होणार, आणि आपल्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही! हा अपमान त्यांना आयुष्यभर बोचला. तरीही त्यांनी ते वर्ष दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करण्यात घालवले. त्यांचे काम पाहून रामन यांनी स्त्रियांसाठी संस्थेचे दार उघडले, हे त्या वर्षाचे खरे फळ.

पुढे केंब्रिज विद्यापीठात त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या श्वसनाशी निगडित द्रव्यावर संशोधन केले आणि 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. (हा शोध बटाट्यावरच्या प्रयोगांतून लागला, कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या वाचकांनी क्षमा करावी.) विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, नीरेच्या पोषणमूल्यावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आणि उतारवयात त्या ग्राहक चळवळीत शिरून अन्नातील भेसळ कशी ओळखावी, हे सामान्य गृहिणींना समजावून सांगू लागल्या. डाळ, दूध, भेसळ! हे विषय आपल्या भुसार बाजारातलेच नव्हेत काय?

कमलाबाईंच्या घरी रसायनशास्त्र बोलले जात असे. आपल्या घरी भाव, उधारी आणि माल बोलला जातो. पण विज्ञान त्यातही आहे. गल्ल्याशेजारच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात धातूची एक पट्टी असते. माल ठेवला की ती डोळ्यांना न दिसेल इतकी वाकते, तिला चिकटवलेली बारीक तार ताणली जाते, तारेचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल ग्रॅमच्या रूपात पडद्यावर उमटतो. आठवीच्या मुलीला हे समजते. कोणी सांगायला हवे. सहावीच्या मुलीला बिस्किटांचा पुडा द्यावा. पट्टीसंकेताखालचे तेरा अंक घ्यायचे. पहिल्या बारांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे अंक जसेच्या तसे, आणि दुसरा, चौथा असे सम स्थानांवरचे अंक तीनने गुणून घ्यायचे. साऱ्यांची बेरीज करायची. त्या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेण्यास जो अंक लागतो, तोच तेरावा. बेरीज आधीच दहाची पट असेल, तर शून्य. यंत्राने एखादा अंक चुकीचा वाचला तर तो या हिशेबात पकडला जातो. काळी मिरी पाण्यात टाकावी: चांगला दाणा तळाशी जातो, भेसळीची पपईची बी तरंगते. दुधात आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आला, तर पिठाची भेसळ.

आदिपुराणात ऋषभदेव ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवतात. अंकांचा धडा कन्येला देणारा पिता ज्या परंपरेने पूज्य मानला, तिच्या पेढ्यांवर हिशेबाची वही मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुलाच्याच हाती राहिली.

सोयी आता पुष्कळ आहेत. सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. केंद्राच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत शाळेमार्फत कल्पना पाठवता येते. निवड झाली तर नमुना बनवण्यासाठी 10,000 रुपये मिळतात. आयआयटींत 2018 पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा आहेत. पण ही सारी दारे दहावीनंतर आठवली तर उशीर झालेला असतो. आवड लागायची ती सहावी ते नववीत, आणि ती हाताने काम केल्याशिवाय लागत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत एका टेबलाशी चार-पाच मुले उभी असतात. बहुधा मुलगे उपकरण हाताळतात आणि सुंदर अक्षर आहे म्हणून निरीक्षणे लिहिण्याचे काम मुलीकडे येते. वर्ष संपते, प्रयोगवही देखणी होते, गुणही मिळतात. बर्नर मात्र तिने कधी पेटवलेला नसतो. पुढच्या पालकसभेला गुणपत्रिकेवर सही करण्यापूर्वी शिक्षकांना एवढेच विचारावे: या सत्रात माझ्या मुलीने कोणते उपकरण स्वतःच्या हाताने जोडले?