पेटीला वेळ लागतो, जखमेला नसतो

प्रयोगशाळेतील पेटीत माणसाची त्वचा वाढविता येते हे ऐकून दोन प्रकारचे आक्षेपक पुढे येतात. एक म्हणतो, हा देवाच्या अधिकारात हस्तक्षेप आहे. दुसरा म्हणतो, मग आता मृताच्या त्वचेला हात लावण्याचे कारणच काय? आमच्या मते दोघेही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक अधिक महाग पडते.

पहिल्यास उत्तर सोपे आहे. हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी सुट्या करतात व ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या दमट पेटीत वाढवितात. यात मानवी भ्रूणाचा बळी नाही. निर्मात्याने पेशीत घातलेली वाढीची शक्तीच माणूस जोपासतो. रोपासाठी वाफा करणारा शेतकरी तरी दुसरे काय करतो?

दुसऱ्याने मात्र पुढील हकीकत ध्यानात घ्यावी. १९८३ साली बोस्टनमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेली दोन भावंडे अशा त्वचेच्या आधारे वाचली. परंतु ती तयार होण्यास काही आठवडे लागले, आणि तोवर जखमा झाकल्या त्या मृत दात्यांच्या त्वचेने. उघड्या जखमेतून शरीरातील पाणी झरते, जंतू आत शिरतात. ती पेटीसाठी थांबत नाही.

लोधिवलीकरांनी हे परके मानू नये. पाताळगंगा व रसायनीचे कारखाने आपल्या उशाशी आहेत. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरून त्वचेचा केवळ पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही.

तरीही कुजबुज चालते, ‘पुनरुत्थानाच्या दिवशी देह अपुरा राहील!’ मग सिंहांच्या तोंडी गेलेल्या, अग्नीत भस्म झालेल्या आपल्या हुतात्म्यांचे काय? मातीतून माणूस घडविणाऱ्याला त्वचेचा एक थर अडवील काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘जीवनाची सुवार्ता’ या परिपत्रकात अवयवदानाची प्रशंसाच केली आहे.

शोकाकुल घराला सहा तासांत असा निर्णय सुचत नाही. म्हणून आज संध्याकाळी रोझरी संपताच, घरची सर्व माणसे एकत्र असताना, हा विषय काढावा व पेढीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.