प्रोबेटची सक्ती गेली, हिशेब मात्र राहिला

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या एका कायद्याने भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधील कलम २१३ वगळले. आपल्या समाजात या बदलाची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने मुंबईत केलेले मृत्युपत्र, अथवा सांगली-सोलापुरात केलेले असले तरी मुंबईतील स्थावर मिळकतीपुरते मृत्युपत्र, प्रोबेट घेतल्याखेरीज न्यायालयात हक्काचा आधार म्हणून मांडता येत नसे. पुण्यातील मिळकतीसाठी पुण्यात केलेल्या मृत्युपत्राला ही अट नव्हती. मुसलमान व भारतीय ख्रिस्ती यांनाही नव्हती. मस्जिद बंदरला गाळा असलेल्या कुटुंबाने वर्षानुवर्षे वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि पुण्याच्या मार्केट यार्डातील व्याह्यांना त्याची गंधवार्ताही नसावी, हा भेद गेला ते बरेच झाले.

तरीही या बदलाची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते. प्रोबेटच्या अर्जात, मृत्युपत्र नसते तर ज्यांना वारसा मिळाला असता अशा सर्वांची नावे द्यावी लागतात. त्यांपैकी प्रत्येकाने संमतीचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, नाहीतर त्याला न्यायालयाची नोटीस जाते. तिला सायटेशन म्हणतात. इचलकरंजीला दिलेल्या मुलीला वडिलांचे मृत्युपत्र आहे, हे कित्येकदा या नोटिशीनेच प्रथम कळत असे. आता प्रोबेट ऐच्छिक झाले. ज्याच्या हाती कागद आहे त्याने न्यायालयात जायचे टाळले, तर ती नोटीस निघणारच नाही. सक्ती गेल्याने खर्च वाचला तो सर्वांचा. सावधगिरी वाढवावी लागणार ती मात्र घरातील विधवा, मुली आणि धाकटे यांना.

मृत्युपत्र नोंदणीकृत असेल, तर ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून कोणालाही मागता येते. ‘दादा दाखवत नाहीत’ म्हणून वर्ष-वर्ष थांबणाऱ्या भगिनींनी एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे हा उपाय सर्वत्र चालत नाही. प्रोबेटचा अर्ज दाखल झालाच, तर हरकत असणाऱ्या वारसाला कॅव्हेट दाखल करता येते आणि मग अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. तेथे मृत्युपत्र खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार ते पुढे आणणाऱ्यावर असतो. ज्याने मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला आणि मोठा लाभही ज्याच्याच पदरात पडला, त्याने न्यायालयाच्या मनातील संशय दूर केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार प्रकरणी १९५८ मध्येच सांगून ठेवले आहे. संमतीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी ते शांतपणे वाचावे. दुःखाच्या दिवसांत ‘येथे सही कर’ असे म्हणून पुढे सरकवलेला कागद पुढे सहजासहजी मागे घेता येत नाही.

आणखी एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे: मृत्युपत्र खरे ठरले की सारे संपले. प्रोबेट देणारे न्यायालय एवढेच पाहते की हा कागद त्या व्यक्तीचा, शुद्धीत केलेला आणि शेवटचा आहे की नाही. कागदात लिहिलेली मिळकत त्या व्यक्तीची होती का, हे ते ठरवत नाही. वडिलोपार्जित गोदाम वडिलांनी दोन मुलांच्या नावे लिहून ठेवले. पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगीही सहदायक आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने तिला हा हक्क दिला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. वडिलांना मृत्युपत्राने स्वतःचा हिस्सा देता येतो, मुलीचा नव्हे. तेव्हा मृत्युपत्राला हरकत न घेताही ती वाटपाचा दावा करू शकते.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे जमाखर्च. मृत्युपत्राचा व्यवस्थापक, ज्याला व्यवहारात एक्झिक्युटर म्हणतात, तो बहुधा थोरला मुलगा किंवा काका असतो. प्रोबेट घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि एका वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात सादर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे (कलम ३१७). सबळ कारणाविना यात कसूर झाली, तर प्रोबेट रद्दही होऊ शकते. प्रोबेट घेतलेच नाही, तर या मुदती लागू होत नाहीत. परंतु लाभार्थ्याला दिवाणी न्यायालयात प्रशासनाचा दावा करून हिशेब मागता येतो. हिशेब तरी किती मोठा असतो? मृत्यूच्या दिवशीची शिल्लक, त्यानंतर आलेले भाडे, व्याज, लाभांश, फेडलेली देणी, भरलेला कर. चाळीस वर्षे रोजकीर्द मिळवल्यावाचून पेढीचे दार न लावणारा माणूस बहिणीला एक पानभर हिशेब देताना ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे विचारतो, तेव्हा मला नवल वाटते. गुमास्त्याकडून पै-पैचा हिशेब घेताना त्याला कधी हा प्रश्न पडलेला नसतो.

तीच गोष्ट नॉमिनीची. बँक नॉमिनीला रक्कम देऊन मोकळी होते. नॉमिनी मोकळा होत नाही. ठेवींपुरते हे जुनेच होते. शेअर्सबाबत शंका होती, तीही १४ डिसेंबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने फिटली. (तो दावा ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीचा होता.) १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी नेमता येतात, म्हणून कोणी ती वाटणी समजू नये.

व्यापारी घरांत खरी रक्कम अडकलेली असते ती पेढीत, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. भागीदार वारला, उरलेल्या भागीदारांनी हिशेब न मिटवता त्याच भांडवलावर धंदा चालू ठेवला, तर भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३७ प्रमाणे मृताच्या वारसांना निवड मिळते: त्याच्या हिश्श्याच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा घ्यावा, अथवा हिश्श्याच्या रकमेवर दरसाल ६ टक्के व्याज. भागीदारीच्या लेखात वेगळे ठरलेले असेल, तर ते लागू होते. दिवाळीच्या पूजनाला काढलेला लेख पुन्हा कपाटात ठेवण्यापूर्वी, भागीदाराच्या मृत्यूविषयी त्यात काय लिहिले आहे, ते घरातील स्त्रियांसमोर एकदा मोठ्याने वाचावे.

हक्कसोडपत्राविषयी अनेक वाचकांनी विचारले आहे. त्यावर पुढील अंकी.