निवृत्त घोड्याची दुसरी शाळा

शर्यतींतून काढलेला एक घोडा अल्प किमतींत मिळत आहे, तो मुलांना बसावयास घरीं आणावा काय, असें विचारणारें एक पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्रलेखक गृहस्थ नागपूरकडील असून त्यांचें कुटुंब मोठें, शेतवाडी पुरेशी आणि वडील मंडळींचें मत प्रतिकूल आहे. प्रश्न या सदराच्या नेहमींच्या विषयांपैकीं नव्हे. परंतु योगायोग असा, कीं हा धडा आम्ही स्वतःच्याच घरीं, आणि तोही पुरेपूर फी मोजून, शिकलों आहों. म्हणून उत्तर खासगी पत्रानें न देतां येथेंच देतों.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास नोकरीला असतात. तेथें त्यांना घोड्यावर बसण्याचा नाद लागला. एके दिवशीं त्यांनीं फोनवरून कळविलें, "काका, सहा वर्षांचा एक घोडा आहे. शर्यती पळून झाल्या, आतां तो कुणालाच नको आहे. मला आतां घरूनच काम करण्याची परवानगी मिळाली आहे. पवनीकडच्या आपल्या घरचा जुना गोठा रिकामाच आहे ना?" गोठा रिकामा होता हें खरें. पण आमच्या थोरल्या वहिनी लगेच म्हणाल्या, "भाऊजी, दूध देणाऱ्या म्हशीला गडी मिळत नाहीं म्हणून ती विकली, आतां लाथ देणारा घोडा कोण सांभाळणार?" त्यांचें म्हणणें सर्वथैव रास्त होतें. तरीही आम्हीं होकार दिला. खरें कारण सांगावयाचें तर, निवृत्तिवेतनावर बसलेल्या माणसास 'आतां कुणालाच नको आहे' हे शब्द फार लागतात. अश्वविद्येचा विचार त्या होकारांत यत्किंचितही नव्हता, आणि तेथेंच चूक झाली.

शर्यतीचा घोडा म्हणजे काय वस्तु आहे, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. 'थरोब्रेड' नांवाची ही जात इंग्लंडांत सतराव्या-अठराव्या शतकांत तयार झाली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून नेलेल्या तीन घोड्यांपर्यंत तिची पितृवंशावळ पोंचते. आपल्याकडे मुंबईचें महालक्ष्मीचें मैदान १८८३ सालापासून आहे, आणि 'इंडियन डर्बी' ही मानाची शर्यत तेथें १९४३ पासून चालत आली आहे. ती चार वर्षांच्या घोड्यांची असते. यावरूनच या विद्यार्थ्यांचें वय ध्यानांत येईल. शिंगरूं दीड-दोन वर्षांचें होतें न होतें तोंच त्याच्या पाठीवर खोगीर चढतें, आणि सहा-सात वर्षांचा होईपर्यंत बहुतेक घोड्यांची शाळा सुटते. घोड्याचें आयुष्य मात्र पंचवीस वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक असतें. म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा उद्योगांत गेला, आणि तीन हिस्से पुढें उभे आहेत.

त्या पहिल्या शाळेंत शिक्षण मिळत नाहीं असें नाहीं. उलट तें फार पक्कें मिळतें. जॉकी आंखूड रिकिबींत पाय ठेवून पाठीच्या वर तोललेला असतो. म्हणून पाठीवर पूर्ण भार टाकून बसलेला स्वार आणि बरगड्यांशीं लोंबणारे त्याचे पाय हा प्रकार या घोड्यास ठाऊकच नसतो. लगामावर ताण आला, कीं त्या ताणाला रेलून अधिक जोरानें पळावयाचें, अशी त्याला संवय असते. मैदानाला एकाच दिशेनें वळावयाचें असल्यामुळें त्याची एक बाजू दुसरीहून अधिक तयार झालेली असते. जॉकीला दुसरा मनुष्य उचलून पाठीवर बसवितो, आणि पुष्कळदां घोडा त्या वेळीं चालतच असतो. स्वार चढेपर्यंत निश्चल उभें राहणें ही गोष्ट त्यास कोणीं सांगितलेलीच नसते. आपण ज्यास खोडी म्हणतों, ती अशा रीतीनें बहुधा त्याची विद्याच असते.

हें सर्व आम्हांस मागाहून कळलें. साडेसातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून घोडा ट्रकमधून उतरला, तेव्हां अवघें गांव पाहावयास लोटलें. तांबूस रंग, पातळ कातडी, डोळ्यांत एक प्रकारची घाई. आम्हीं त्याचें नांव 'मंदार' ठेविलें. वहिनी हंसून म्हणाल्या, "नांवांत तरी 'मंद' आहे, हें बरें झालें." मग प्रेमापोटीं आम्हीं त्यास हरभऱ्याची आणि जवाची पोटभर चंदी सुरू केली. काम कांहीं नाहीं आणि खुराक मात्र शर्यतीचा! दुसऱ्या महिन्यांत पुतण्या त्याला घेऊन तलावाच्या पाळीवर गेला. पाळीखालून एक बगळा उडाला, घोडा दचकला, पुतण्यानें त्यास थांबविण्याकरितां लगाम जोरानें ओढला. ओढण्याचा अर्थ घोड्याला एकच ठाऊक होता. तो चौखूर उधळला. पुतण्या पाळीवरून खालीं बांधींत पडला आणि गळ्याखालचें हांसळीचें हाड मोडलें. सहा आठवडे हात झोळींत होता. डोक्यास शिरस्त्राण होतें म्हणून आज हें निवांतपणें लिहितां येत आहे.

घरांत त्या रात्रीं कोणी जेवलें नाहीं. घोडा विकून टाकावा यावर सर्वांचें एकमत झालें, आणि गिऱ्हाईकही लवकरच मिळालें. लग्नाच्या वरातीसाठीं घोडे देणारा एक मनुष्य आला. त्यानें घोड्याचे दांत पाहिले, पाय चांचपले आणि किंमत सांगितली. तो उठणार इतक्यांत थोरल्या वहिनींनीं त्यास विचारलें, "बॅंडवाजा आणि फटाके यांत हा उधळला तर?" तो म्हणाला, "बाई, संवय होईल." तो गेल्यावर वहिनी आम्हांला म्हणाल्या, "भाऊजी, पाठीवर बसायचा तो कुणाचा तरी मुलगाच ना? जो दोष आपल्याला भोंवला, तो न सांगतां दुसऱ्याच्या दारांत नेऊन बांधणें आपल्या घरांत व्हायचें नाहीं. घोडा ठेवा, पण शहाण्या माणसाच्या हातीं द्या." ज्यांचा प्रथमपासून विरोध, त्यांनींच हा निवाडा दिला. आम्हीं चाळीस वर्षें मुलांना नीतिपाठ शिकविले. त्या रात्रीं आम्ही विद्यार्थी होतों.

शहाणा माणूस गांवांतच निघाला. वैनगंगेच्या या प्रदेशांत शंकरपटाचा षोक पूर्वापार आहे. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हां पटाच्या कित्येक जोड्या एका दिवसांत निरुपयोगी ठरल्या. (पुढें १८ मे २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें महाराष्ट्राचा सुधारलेला कायदा मान्य केला.) आमच्या गांवच्या एका वृद्ध धुरकऱ्यानें त्या बंदीच्या काळांत आपली जोडी विकली नव्हती. वाऱ्यासारखी पळणारी ती खोंडें त्यानें दीड वर्ष खपून नांगराला आणि बंडीला लावलीं होतीं. घोड्याचें त्यास कांहीं ज्ञान नव्हतें. तो गोठ्याशीं येऊन अर्धा तास नुसता बसून राहिला, आणि मग म्हणाला, "गुर्जी, याले पळाले शिकवलं, उभं राहाले कोनी शिकवलंच नाही."

पुतण्यानें पुण्याच्या आपल्या शिक्षकांना विचारून रीत ठरविली, आणि म्हाताऱ्यानें ती धीरानें अमलांत आणली. पहिले तीन महिने पाठीवर कोणीही बसावयाचें नाहीं. चंदी हळूहळू उतरविली आणि चांगलें वाळलें गवत दिवसभर पुढें ठेविलें. घोड्याचें पोट थोडें थोडें पण सारखें खाण्यासाठीं घडलेलें असतें. शर्यतीच्या तबेल्यांत दाणा फार आणि गवत थोडें मिळाल्यानें बहुसंख्य घोड्यांच्या जठरांत व्रण होतात. याच्याही पोटांत ते असावेत असें पशुवैद्यांस वाटलें, आणि त्यांनीं त्यावर औषध दिलें. एकटा घोडा बेचैन राहतो, म्हणून शेजारीं एक कालवड बांधली. मग रोज पहांटे नदीच्या वाळूंतून हातीं धरून चालविणें सुरू झालें. दहा पावलें चालावयाचें आणि थांबावयाचें. थांबला, कीं दोरी तत्काळ सैल. पहिल्या दिवशीं तो दोन श्वासांपुरता थांबला. महिन्यानें म्हातारा चिलीम भरीपर्यंत थांबूं लागला. पुढें लांब दोरीवर दोन्ही दिशांना सारखें वळविणें, मग ओट्याशीं उभा करून पाठीवर प्रथम पोतें, नंतर क्षणभर माणूस. स्वार बसून चाल स्थिरावण्यास सहा महिने गेले, दुडकीस वर्ष लागलें, आणि भरधाव पळविणें तर अजून आम्हीं मुद्दामच मागें ठेविलें आहे.

अमरकोशांत घोड्याच्या पांच गति सांगितल्या असून त्यांस 'धारा' अशी संज्ञा आहे. पाठशाळेंत त्या आम्हीं घोकल्या होत्या. निश्चल उभें राहणें ही जणूं सहावी धारा. ती कोशांत नाहीं, ती आम्हांस या धुरकऱ्यानें दाखविली. मात्र आपल्या पूर्वजांना घोड्याच्या उत्तरायुष्याचा विसर पडला होता असें नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना, युद्धानें, रोगानें वा वार्धक्यानें क्षीण झालेल्या घोड्यांना कामाविना पोसावें, असा स्पष्ट नियम आहे. ज्या राज्यकर्त्याला आपण कठोर समजतों, त्यानें हा खर्च राज्याच्या हिशेबांत धरला होता.

तथापि, शर्यतींतून निघालेला घोडा क्षीणच असतो असें मुळींच नाहीं. अमेरिकेंतील एक लहानखुरी घोडी सहा शर्यती पळाली आणि एकही जिंकली नाहीं. पुढें तिला उड्या मारण्याचें शिक्षण मिळालें, 'टच ऑफ क्लास' हें नवें नांव मिळालें, आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें तिनें वैयक्तिक आणि सांघिक अशीं दोन सुवर्णपदकें मिळवून दिलीं. इंग्लंडांत अशा घोड्यांच्या पुनःशिक्षणासाठीं २००० सालीं स्वतंत्र संस्था निघाली, आणि अमेरिकेंत २०१० सालीं. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या अश्वारोहणशाळांतून शर्यत सोडलेले घोडे मुलांना पाठीवर घेऊन धडे देत असतात.

आतां पत्रलेखकांच्या प्रश्नाकडे येतों. किंमत अल्प आहे या मोहास बळी पडूं नका. विकत घेण्याचा खर्च हा खर्चाचा सर्वांत लहान भाग होय. पांचशे किलो वजनाच्या घोड्याला रोज आठ ते दहा किलो वाळला चारा आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागतें. भाताचें तणस आपल्या भागांत मुबलक असलें तरी नुसत्या तणसावर घोडा पोसत नाहीं. पावसाळ्यांत बुरसलेला चारा एक काडीही घालूं नये. घोड्याला वांति होत नाहीं, त्यामुळें पोटशूळ उठला तर तो जिवावर बेततो. दर पांच-सहा आठवड्यांनीं खूर कापून नाल तपासावे लागतात. जवळपास नालबंद आहे काय, हें आधीं पाहा. आम्हांस तो दुरून बोलवावा लागतो. चिखलांत खूर कुजतात आणि चावऱ्या माश्यांमुळें सर्रा नांवाचा ताप होतो, म्हणून ठाण उंच, कोरडें आणि वारा खेळणारें असावें. खरेदीपूर्वीं पशुवैद्याकडून पायांच्या शिरा तपासून घ्या, ग्लॅंडर्सची रक्तपरीक्षा झालेली असावी, आणि धनुर्वाताची लस चुकवूं नये. ग्लॅंडर्स माणसासही होतो.

याहून महत्त्वाचे प्रश्न दोनच आहेत. एक वर्ष त्याच्या पाठीवर न बसतां त्याला पोसण्याची आपली तयारी आहे काय? आणि आज ज्याच्या हौशीनें घोडा येणार, तो उद्यां परगांवीं गेला तर पुढील वीस वर्षें त्याची जबाबदारी घरांतील कोण घेणार? हे दोन्ही प्रश्न सर्व मंडळींना एकत्र बसवून विचारावे, आणि ज्यांचा विरोध असेल त्यांना प्रथम बोलूं द्यावें. दोहोंचें उत्तर मिळालें तर घोडा आणावा; एकाचें जरी न मिळालें तरी आणूं नये. आणि मुलांना लगेच बसावयास हवें असेल, तर आधींच शिकविलेला, वयानें पोक्त घोडा पाहावा. नवशिका स्वार आणि नवशिका घोडा ही जोडी आम्हीं लावून पाहिली आहे.

आम्हीं शाळेंत असतांना मुलांना पहिला नंबर कसा मिळवावा हें कळकळीनें शिकविलें. नंबर न आला किंवा शर्यतच संपली, म्हणजे काय करावें, हा धडा आमच्या टांचणांत कधींच नव्हता. त्यांतले कांहीं विद्यार्थी आज पन्नाशींत आहेत आणि अजून थांबावयास शिकत आहेत. त्यांची क्षमा मागण्यास आतां उशीर झाला आहे.

गेल्या दसऱ्याला वहिनींनीं मंदारच्या कपाळीं कुंकू लाविलें आणि त्यास गुळाचा खडा दिला. नंतर पुतण्याची आठ वर्षांची कन्या शिरस्त्राण घालून ओट्यावरून त्याच्या पाठीवर बसली. तिची रिकीब नीट करण्यास पुतण्याला चांगला वेळ लागला. तेवढा सगळा वेळ घोडा उभा होता.