काचेच्या आतली हौस

संध्याकाळी सातच्या सुमारास ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या सिग्नलला ऐंशी अश्वशक्तीची हॅचबॅक आणि चारशे अश्वशक्तीची मस्टँग एकाच वेगाने सरकत असतात. रस्त्याच्या मधोमध वडाळा-कासारवडवली मेट्रो-४ चे खांब, बाजूला कंटेनर, मिळेल त्या फटीतून पुढे घुसणाऱ्या रिक्षा. डोंबिवली पूर्वेच्या मानपाड्यात, कल्याण-शीळ रस्त्यावर, कल्याण-तळोजा मेट्रो-१२ च्या कामाने तीच गत केली आहे. दोन मानपाडे, दोन आरटीओ, एकाची पाटी एमएच-०४, दुसऱ्याची एमएच-०५. वरचा गिअर टाकायची संधी मात्र दोन्हीकडे सारखीच दुर्मीळ.

अशा ठिकाणी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याने तिच्या सीटवर, स्टीअरिंगच्या शिवणीवर, दारावरच्या बारीक रंगीत पट्टीवर आणखी पैसे घालावेत का, असे घरातली वडीलधारी माणसे विचारतात. जरूर घालावेत. या रस्त्यांवर तर तोच खर्च सर्वांत शहाणपणाचा. इंजिनची ताकद इथे बहुतेक वेळा झोपूनच असते. मालकाच्या वाट्याला रोज येते ते हाताखालचे चामडे, पाठीमागचा फोम आणि डोळ्यांसमोरचा डॅशबोर्ड. तास-दीड तास जिथे बसून काढायचा, ती जागा मनासारखी असायलाच हवी.

ही हौस आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी नव्वदच्या दशकात गाड्यांना नवे रूप देणारे डीसी डिझाइन सुरू केले आणि काही वर्षांतच ‘गाडी डीसी करून घेतली’ हे वाक्य राजकारण्यांपासून बिल्डरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसले. त्यांची अवंती ही स्पोर्ट्‌स कार २०१२ च्या ऑटो एक्स्पोत आली तेव्हा तिच्याभोवती झुंबड उडाली होती. सचिन तेंडुलकरचे उदाहरण तर घराघरात ठाऊक. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्यावर २००२ मध्ये फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली, तीही मायकेल शूमाकरच्या हस्ते. आयात शुल्काच्या माफीवरून पुढे वाद झाला, तो आज लोकांना अधिक आठवतो. पण पुढे सचिनने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. आपल्या निस्सान जीटी-आरला त्याने जपानच्या वाल्ड कंपनीचा बॉडी किट बसवला आणि बीएमडब्ल्यू आय-८ ला डीसीकडून नवे रूप दिले. जगातली उत्तम गाडी दारात असूनही ती जशी आली तशी ठेवावी असे त्याला वाटले नाही.

कंपन्यांनाही हे पक्के कळले आहे. फेरारीच्या गाड्यांच्या उत्पन्नात जवळपास पाचवा हिस्सा ग्राहकांनी मागितलेल्या खास रंगांचा, शिवणींचा, आसनांचा असतो. ज्यांना इटलीहून शिवण मागवणे परवडत नाही, ते कोपऱ्यावरच्या अॅक्सेसरीजच्या दुकानात जातात. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनलेली फोक्सवॅगन पोलो ही अशा पोरांची लाडकी गाडी. पहिल्या पगारवाढीत अलॉय व्हील, दुसऱ्या वर्षी सीट, मग स्टीअरिंग, असा तिचा संसार मांडला जायचा. त्यात उधळपट्टी पाहणाऱ्यांनी एकदा ते काम होताना बघावे.

स्टीअरिंगला चामडे चढवणारा कारागीर आधी चाकाचा घेर आणि जाडी मोजतो, तुकडा मुद्दाम किंचित तोकडा कापतो, म्हणजे तो ताणून बसेल आणि उन्हाळ्यात ढिला पडणार नाही. कडा आतल्या बाजूला जुळवून दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक टाका घालत तो चाकाची पूर्ण फेरी मारतो. टाका वाकडा गेला तर बोटाला रोज कळतो. दारात बसून दोन-तीन तास चाललेल्या या कामात यंत्र कुठेही नसते. गाडीवर फिल्म चढवून रॅप करणाऱ्यांचेही तसेच. पत्रा अल्कोहोलने पुसायचा, फिल्म हीट गनने ऊब देत ताणायची, स्क्वीजीने हवा बाहेर काढायची आणि कडेला पुन्हा उष्णता द्यायची. त्या शेवटच्या उष्णतेत हात आखडला तर पहिल्याच पावसाळ्यात कडा सुटते. या कारागिरांना चार पैसे मिळतात ही या हौसेची फार चांगली बाजू आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

कायदाही या हौसेच्या आड येत नाही, तो येतो असा गैरसमज असला तरी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे काय, हेही त्या कलमात सांगितले आहे: गाडीच्या रचनेतला, तिचे मूळ स्वरूप पालटणारा फेरफार. सीटचे चामडे, गिअरची मूठ, पेडलवरची ॲल्युमिनियमची पट्टी यांत तसे काही नाही. संपूर्ण गाडीचा रंग मात्र आरसीवर असतो, तेव्हा लाल गाडी निळी करायची तर आधी आरटीओत जावे. आणि इलेक्ट्रिकल सामान बसवले तर विमा कंपनीला कळवावे. त्या सामानाच्या किमतीच्या चार टक्के हप्ता जास्त पडतो, पण चोरी-अपघातात ते भरून मिळते.

तरीही सावध राहायचे ते इथेच, कारण घात साध्या वस्तूंनी होतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते आणि ती शिवण फाडून बाहेर येते. कंपनीने तिथला दोरा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. त्यावर जाड रेक्झिनचे कव्हर घट्ट शिवून टाकले की ती एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री उरत नाही. डॅशबोर्डवरच्या मूर्तीचेही असेच. श्रद्धा आहे म्हणूनच ती एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नये. फुगताना ती पिशवी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते आणि वाटेत असलेले सगळे माणसाच्या तोंडावर फेकते. पायाखालच्या मॅटकडे तर कोणी बघतही नाही. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती. तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला आणि गाडीतले चौघे गेले. त्यानंतर लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाला अमेरिकेतल्या लाखो ग्राहकांना मॅट काढून ठेवा असे सांगावे लागले. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ असे म्हणून विकली जाणारी मॅट घेऊ नये ती यासाठी.

काचेच्या बाहेर दुसऱ्याला त्रास देणारी हौस ही वेगळी गोष्ट, आणि तिची बाजू घेता येत नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर रात्री साडेअकराला सोसायटीतल्या तान्ह्या मुलाला आणि आजाऱ्याला उठवतो. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला, ते योग्यच केले. हेडलाइटमध्ये ६०/५५ वॅटच्या जागी दुप्पट ताकदीचा दिवा लावला की घोडबंदरच्या अंधाऱ्या टप्प्यात समोरच्या दुचाकीवाल्याला काही सेकंद काहीच दिसत नाही. पुढचा लोखंडी बुल बार पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही गोंधळ उडवतो, म्हणून केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच तो बंद करायला सांगितले.

नंबर प्लेटचा सोस तर आपल्याकडे खास. ‘४१४१’ चे ‘दादा’ आणि ‘२१४’ चे ‘राम’ करणाऱ्या पाट्या एका पिढीने मिरवल्या. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली आणि सगळ्यांची अक्षरे एकसारखी झाली, हे उत्तम झाले. आवडता क्रमांक हवा तर त्याचे शुल्क भरावे. ०००१ साठी मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीला सहा लाख रुपये पडतात. पैसा सरकारी तिजोरीत जातो, कोणाचे काही बिघडत नाही. पाटी लावणे मात्र गाडीवाल्याची जबाबदारी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या पोर्शवर पाटीच नव्हती. कोट्यवधींच्या त्या गाडीचे १,७५८ रुपयांचे नोंदणी शुल्क भरायचे राहिले होते.

प्रामाणिक हौशी माणसाची खरी अडचण वेगळीच आहे. काय चालते आणि काय नाही, हे त्याला मराठीत, एका ठिकाणी, कोणी सांगत नाही. काचेच्या फिल्मचेच बघा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा असा नियम आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या मर्यादेतली फिल्म चालेल असे म्हटले. मग माजिवड्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराने काय धरायचे आणि गाडीवाल्याने काय दाखवायचे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सुरक्षेशी संबंधित चुकीचा भाग विकणाऱ्याला तर प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पण नाक्यावर सापडतो तो मालक. दुकान संध्याकाळी पुन्हा उघडेच असते.

ठाणे आणि कल्याण आरटीओंनी परवानगी असलेल्या आणि नसलेल्या बदलांची एक पानी यादी मराठीत छापून प्रत्येक अॅक्सेसरीजच्या दुकानात दर्शनी भागात लावायला लावावी, आणि तपासणीची सुरुवात त्या दुकानांपासून करावी. तोवर ग्राहकाने एवढे तरी करावे: सीट कव्हर असो की मॅट, बिलावर गाडीचे मॉडेल आणि ‘एअरबॅगला अडथळा नाही’ हे दुकानदाराच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.