‘फॅमिन’ आणि ‘स्केअर्सिटी’ : कायद्याने पुसलेला दुष्काळ

१/ ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ, ‘स्केअर्सिटी’ म्हणजे टंचाई. दोहोंत फरक केवळ तीव्रतेचा, असे शब्दकोशावर विसंबणारे सांगतात. भारताच्या इतिहासात हे उत्तर अपुरे ठरते. येथे या दोन नामांमध्ये उभे होते ते सरकारचे उत्तरदायित्व.

२/ १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई व मद्रास इलाख्यांत लक्षावधी माणसे मेली. त्याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीपायी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’ तयार झाले.

३/ या संहितांची रीत अशी : आधी चाचणी म्हणून कामे काढायची आणि किती लोक धावून येतात ते पाहायचे. ‘फॅमिन’ जाहीर झाले, की धडधाकटांना काम आणि दुबळ्यांना विनामोबदला मदत देणे सरकारवर येई. तो शब्द वर्णन नव्हता; तो खर्चाचा हुकूम होता.

४/ म्हणूनच तो टाळला जाई. १९४३ मध्ये बंगालमध्ये संहिता अस्तित्वात होती, तरीही प्रांतिक सरकारने तिच्याखाली दुष्काळ जाहीर केलाच नाही. चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला.

५/ इंग्रज गेले, मोह उरला. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यातील कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला. कारण असे दिले, की सरकार शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवून असते. दुष्काळाला आता वावच नाही. अवघ्या नऊ वर्षांत १९७२ उजाडले.

६/ आक्षेप येतो : १९७२ मध्ये बंगालसारखे मृत्यू झाले नाहीत, मग ‘टंचाई’ म्हटले तर बिघडले काय? परंतु माणसे शब्दामुळे वाचली नाहीत. ती वाचली खडी फोडून, पाझर तलाव खोदून. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्या अनुभवातून बळ मिळालेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले. एका कायद्याने सरकारला शब्दातून मोकळे केले, दुसऱ्याने कर्तव्याला बांधले. श्रेय दुसऱ्याचे आहे.

७/ जुन्या दफ्तरांत ‘स्केअर्सिटी’ आढळली, की अभ्यासकाने पाऊस किती पडला एवढ्यावर थांबू नये. त्या शब्दामुळे कोणाची जबाबदारी टळली, हेही शोधावे. सरकारी कागदांनी टंचाई लिहिली. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च आहे.