फ्लूची झटपट चाचणी : ‘निगेटिव्ह’चा अर्थ काय?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयात रांगा लागल्या. नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जात आणि अहवालाची वाट पाहावी लागे. आज पंधरा-वीस मिनिटांत फ्लूचे निदान करणारी चाचणी उपलब्ध आहे. सोय वाढली, पण तिच्या अहवालावर किती विसंबायचे, हे समजून घ्यायला हवे.

या चाचणीची पट्टी विषाणूची प्रथिने शोधते. नाकातल्या स्रावात विषाणू भरपूर असेल तरच रेघ उमटते. साथीच्या दिवसांत ‘पॉझिटिव्ह’ अहवाल बहुधा खरा असतो. मात्र, साध्या पट्टी-चाचणीतून फ्लू झालेल्या दहापैकी तीन ते पाच रुग्ण निसटू शकतात. म्हणजेच ‘निगेटिव्ह’ अहवाल आला म्हणून फ्लू नाही, असे ठरत नाही. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार होतात. त्यामुळे तो अल्प प्रमाणात असला तरी सापडतो.

दुसरा फरक प्रकार ओळखण्याचा. पट्टी फार तर ‘ए’ की ‘बी’ एवढे सांगते. ‘ए’मधला एच१एन१ आहे की एच३एन२, हे सहसा पीसीआरनेच कळते. त्याने रुग्णाचे औषध बहुधा बदलत नाही. पण साथीवर लक्ष ठेवायला आणि लस ठरवायला ही माहिती लागते. नमुना ‘ए’ असूनही ओळखीच्या उपप्रकारात बसत नसेल, तर तो धोक्याचा इशारा असतो. २००९चा नवा विषाणू कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांत असाच लक्षात आला.

रुग्णासाठी मात्र वेळ महत्त्वाची. ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. म्हणूनच गर्भवती, ज्येष्ठ, मधुमेही किंवा दम्याच्या रुग्णांना फ्लूचा संशय असल्यास डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत. सौम्य ताप-खोकल्यात सरसकट चाचणीची गरज नसते, असे सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. पण धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा नखे निळी पडणे, यांपैकी काहीही दिसले, तर खिशात ‘निगेटिव्ह’ अहवाल असला तरी तातडीने रुग्णालय गाठावे.