आडत घेणाऱ्याने जोखीमही घ्यावी

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की लातूर आणि नांदेडच्या व्यापारी कुटुंबांत सहलींचे बेत ठरू लागतात. तीर्थयात्रा आणि थंड हवेची ठिकाणे यांच्या जोडीला आता कोकण किनाऱ्यानेही, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्लीने, या बेतांत स्थान मिळवले आहे. घरातील तरुण मंडळींचा आग्रह बहुधा एकाच गोष्टीसाठी असतो, तो म्हणजे स्कूबा डायव्हिंग. समुद्रापासून दूर वाढलेल्या मराठवाड्यातील माणसाला समुद्राचे अप्रूप मोठे असते, परिचय मात्र थोडा. त्यामुळे पाण्यात उतरण्याचा निर्णय तो बहुतेक वेळा दोनच गोष्टी पाहून घेतो : दर किती आहे आणि इतर किती लोक उतरत आहेत. सुरक्षिततेचा अंदाज या दोहोंपैकी एकीवरूनही येत नाही.

मालवणचा समुद्र पाहण्याजोगा आहे, यात शंका नाही. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर उभारलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे आढळतात. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पोहता न येणाऱ्या पर्यटकालाही प्रशिक्षक हाताला धरून काही मिनिटे उथळ पाण्यात नेऊन आणतो. ही व्यवस्था नीट चालली तर अनुभव आनंदाचा असतो. प्रश्न आहे तो ती नीट चालण्याचा खर्च कोण देतो, हा.

पर्यटनस्थळी एक प्रघात सर्वत्र आढळतो. पर्यटक ज्या हॉटेलात किंवा रिसॉर्टमध्ये उतरतो, तेथूनच त्याला स्कूबा व्यावसायिकाकडे पाठवले जाते आणि त्याबद्दल रिसॉर्ट कमिशन घेते. काही ठिकाणी आवारात टेबल मांडू देण्याचे ठरावीक शुल्क आकारले जाते आणि शुल्क देणाऱ्याकडेच पाहुणे पाठवले जातात. सहल लातूरहून पॅकेजमध्ये निघाली असेल, तर साखळी आणखी लांबते. गावातील प्रवासी एजंट, बसची व्यवस्था पाहणारा, मुक्कामाचा मालक आणि शेवटी नौका चालवणारा, अशा चार हातांतून पैसा जातो. यात मुळात गैर काही नाही. ग्राहक आणून देणाऱ्याने मोबदला घ्यावा, हा व्यापाराचा जुना नियम आहे. आडतीवर चालणाऱ्या बाजारपेठेतील वाचकांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु आडत आणि हे कमिशन यांत एक मूलभूत फरक आहे. तूर किंवा सोयाबीनचा माल आडत्याच्या दुकानी लागला की त्याच्यावर जबाबदारी येते. तो बाजार समितीचा परवानाधारक असतो. खरेदीदाराने पैसे उशिरा दिले, तरी शेतकऱ्याची रक्कम आडत्यालाच भागवावी लागते. पट्टीवर हमाली, तोलाई यांसारखी कपात वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली असते. आडत कोणी द्यायची आणि किती, हेही ठरलेले असते. म्हणजे आडत हा केवळ ओळख करून दिल्याचा मोबदला नाही. त्यात पेढीची पत गुंतलेली असते. पर्यटनातील मध्यस्थ मात्र पुष्कळदा कमिशन घेऊन बाजूला होतो. नौका कोणाची, तिचा परवाना आहे का, प्रशिक्षक कोण, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही, आणि पर्यटकाच्या हाती पट्टीही येत नाही.

आता हिशेब मांडून पाहावा. केवळ उदाहरणासाठी समजा, पर्यटकाने १,००० रुपये दिले आणि त्यांतील ४०० मध्यस्थांकडे गेले. उरलेल्या ६०० रुपयांत इंधन, खलाशाची मजुरी, प्रशिक्षकाचे मानधन, टाकीत हवा भरण्याचा खर्च, छायाचित्रण, साहित्याची देखभाल, विमा आणि मालकाचा नफा बसवायचा असतो. यांपैकी इंधन आणि मजुरी त्याच दिवशी द्यावी लागते. छायाचित्रण वगळले तर ग्राहक दुसरीकडे जातो. पुढे ढकलता येतात ते खर्च निराळेच असतात : श्वसननळीच्या रेग्युलेटरची तपासणी, हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या गाळण्या बदलणे, नौकेवर ऑक्सिजनची टाकी ठेवणे, एक प्रशिक्षक जास्तीचा नेमणे. हे खर्च महिनाभर केले नाहीत तरी कोणाच्या लक्षात येत नाही. घसाऱ्याची तरतूद न करता नफा दाखवणाऱ्या पेढीसारखीच ही अवस्था असते. ताळेबंद काही काळ देखणा दिसतो. प्रामाणिक व्यावसायिकाची यात अधिक कोंडी होते, कारण हे सर्व खर्च करणाऱ्याचा दर जास्त निघतो आणि घासाघीस करणारा ग्राहक त्याला सोडून शेजाऱ्याकडे जातो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणारी, २० पर्यटकांना घेऊन येणारी नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. लक्षात घेण्याची गोष्ट ही की दुर्घटना डायव्हिंग करताना नव्हे, तर परतीच्या वाटेवर नौकेला झाली. पर्यटकाची सगळी भीती पाण्याखालच्या काही मिनिटांपुरती असते. नौकेकडे तो वाहन म्हणून पाहतो आणि निर्धास्त होतो. प्रत्यक्षात नौकेची प्रवासी क्षमता, लाटांचा अंदाज आणि लाइफ जॅकेट अंगात असणे यांवर जीव तितकाच अवलंबून असतो.

अशा घटनेनंतर जनमत दुसऱ्या टोकाला जाते. कालपर्यंत सवलतीचा दर पाहून निर्धास्त असणारी माणसे 'कोकणात जाऊच नये' असे म्हणू लागतात. थायलंडमधील फुकेतजवळ ५ जुलै २०१८ रोजी 'फिनिक्स' ही नौका वादळी हवेत बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक दगावले. त्यानंतरच्या महिन्यांत थायलंडला जाणाऱ्या चिनी पर्यटकांची संख्या लक्षणीय घटली. त्याच देशात दोन वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, सरकारने तथाकथित 'शून्य डॉलर' सहलींवर कारवाई केली होती. नाममात्र दरात पर्यटक आणायचे आणि ठरलेल्या दुकानांतील कमिशनमधून पैसा काढायचा, अशी ती रीत होती. बुडालेल्या नौकेचा त्या सहलींशी संबंध असो वा नसो, धडा मात्र स्पष्ट आहे. एका नौकेच्या चुकीची किंमत संपूर्ण किनाऱ्याने मोजली. त्यात नियम पाळणारेही भरडले गेले. म्हणून सुरक्षिततेवरील खर्च हा किनाऱ्यावरील सर्वांच्या धंद्याचे भांडवल आहे.

मग पर्यटकाने काय पाहावे? नव्या रंगाचे जॅकेट आणि चांगला कॅमेरा पाहून समाधान मानू नये. नौकेवर नोंदणी क्रमांक आहे का आणि ती किती प्रवाशांसाठी मंजूर आहे, हे विचारावे व चढताना माणसे मोजावीत. पाण्यात प्रत्येक नवख्यासोबत स्वतंत्र प्रशिक्षक असणार का, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, नौकेवर ऑक्सिजन आहे का, हेही विचारावे. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे असल्यास ते अर्जात लपवू नये. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वर येताना फुफ्फुसातील हवा प्रसरण पावते, म्हणून श्वास रोखून धरणे धोक्याचे असते. डायव्हिंगनंतर लगेच विमानप्रवास करू नये. एका साध्या डाइव्हनंतरही किमान १२ तास थांबावे, असा जाणकारांचा सल्ला आहे. गोव्याहून विमान पकडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि हवा बिघडली म्हणून व्यावसायिकाने फेरी रद्द केली, तर त्याच्याशी वाद न घालता आभार मानावेत.

कागदपत्रांची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पैसे रोख देऊन पावती न घेणे ही सवय व्यापाऱ्याला शोभत नाही. पावतीवर प्रत्यक्ष सेवा देणाऱ्याचे नाव असावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे मालवणातील सेवेबद्दलची तक्रार लातूर किंवा नांदेड येथे दाखल होऊ शकते, आणि मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही. 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे छापील वाक्य असलेल्या अर्जावर सही केली, एवढ्यानेच सेवा देणारा निष्काळजीपणाच्या दोषातून सुटत नाही; मात्र पावतीच नसेल तर व्यवहार सिद्ध करणे कठीण जाते. विम्याबाबतही सावधगिरी हवी. अनेक अपघात आणि प्रवास विमा पॉलिसींत साहसी क्रीडाप्रकार वगळलेले असतात, म्हणून अटी निघण्यापूर्वी वाचाव्यात. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयोगटाला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण देते. घरातील तरुणांची तरी ती सुरू आहे का, हे पासबुकात पाहावे.

शेवटचा मुद्दा समाजातील सहल-संयोजकांसाठी आहे. ५० माणसांची बस काढणाऱ्याला एजंटाकडून पुष्कळदा एखादी जागा मोफत मिळते. ती घेण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु ती आडतच आहे, हे ओळखावे. जो ती घेतो त्याने नौकेचा परवाना पाहणे, पावत्या गोळा करणे आणि प्रत्येक मुलाच्या अंगात जॅकेट नीट बांधले आहे का हे तपासणे ही कामेही स्वीकारावीत. मुक्कामाच्या मालकालाही थेट विचारावे की, 'तुम्ही पाठवता त्या माणसाची जबाबदारी तुम्ही घेता का?' जो 'हो' म्हणून पावतीवर स्वतःचे नाव घालेल, त्याचा दर २०० रुपयांनी जास्त असला तरी तो सौदा स्वस्तच समजावा.